गुडघ्यावर भार कुणाचा?

माझे मामा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले. उभं आयुष्य चाकं, बेअरिंग आणि ब्रेक यांच्यात गेलेलं. मी फिजिओथेरपिस्ट. आमच्यातला वाद मामींच्या उजव्या गुडघ्यावरून आहे आणि त्याच्या निकालावर राहतं घर विकायचं की नाही, हे ठरणार आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि मामींना जिन्यात दुखतं. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सांगितलं की झीज सुरुवातीची आहे, ऑपरेशनचा विचार आत्ता नको. त्या संध्याकाळीच मामांनी एका दलालाला फोन केला.

आमचं बोलणं इथे मांडते आहे, कारण मामा जे म्हणतात ते घरोघरी म्हटलं जातं. त्यात तथ्यही आहे. तरी त्यातून निघणारा सल्ला चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

मामा : सांधा म्हणजे फिरता भाग. फिरता भाग झिजणार, यात वाद घालण्यासारखं काही नाही. बेअरिंग किती चालणार हे त्याच्यावर येणाऱ्या लोडवर आणि फेऱ्यांवर ठरतं. फेऱ्या कमी करा, लोड कमी करा, ते जास्त टिकतं. हिच्या गुडघ्यात आता जेवढं आयुष्य उरलंय ते पुरवून पुरवून वापरायचं. जिना बंद, खाली बसणं बंद, बाजारात चालत जाणं बंद.

मी : लोड किती येतो असं तुम्हाला वाटतं?

मामा : हिचं वजन 60 किलो धर. दोन्ही पायांवर उभी राहिली तर एका गुडघ्यावर 30. चालताना एक पाय उचललेला असतो, तेव्हा 60. जिन्यात झटका बसतो, म्हणून 70, फार तर 80.

मी : हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे, मामा. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी काही रुग्णांना जो कृत्रिम गुडघा बसवला, त्याच्या नडगीकडच्या भागातच ताण मोजणाऱ्या पट्ट्या बंद करून ठेवल्या होत्या.

मामा : स्ट्रेन गेज.

मी : तेच. आत बॅटरी नाही. पायाभोवती तारेचं वेटोळं गुंडाळायचं, त्यातून आतल्या उपकरणाला वीज मिळते आणि मोजमाप रेडिओलहरींनी बाहेर येतं. माणूस चालतो, बसतो, उठतो, जिना चढतो आणि त्याच क्षणी सांध्यात काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. 2010 साली पाच रुग्णांचे आकडे प्रसिद्ध झाले. दोन्ही पायांवर नुसतं उभं राहिलं, तर एका गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या 107 टक्के भार. सपाटीवर चालताना 261 टक्के. खुर्चीतून उठताना 246. जिना चढताना 316. उतरताना 346.

मामांनी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केले. 60 किलोंच्या बाईला उभं राहताना 64, चालताना 157, जिना चढताना 190 आणि उतरताना 208 किलोंइतका भार. पेन्सिल खाली ठेवून ते पहिल्यांदा जे बोलले ते माझ्या विरोधातच होतं.

मामा : म्हणजे मी म्हणतो त्याहून परिस्थिती वाईट आहे. 208 किलो! हिला जिन्यावर पाऊल टाकू देता कामा नये.

मामी : अहो, पण उतरताना जास्त कसा? दम तर चढताना लागतो.

मी : दम लागणं हे हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम. गुडघ्याचा हिशोब वेगळा आहे. उतरताना वरच्या पायरीवरचा पाय वाकत वाकत सगळं शरीर हळूहळू खाली सोडतो. मांडीचा स्नायू तेव्हा लांबत असतो आणि लांबता लांबताच जोर लावून शरीराला आवरत असतो. शिवाय खालच्या पायरीवर टेकणाऱ्या पायावर अंग वरून येऊन पडतं. गुडघा दुखणारी माणसं उतरायला जास्त घाबरतात, ती उगीच नव्हे.

मामा : ते राहू दे. मला आधी हे सांग, वजन 60 आणि सांध्यावर 208, तर वरचे दीडशे किलो आले कुठून? हवेतून लोड येत नाही.

मामांचा हा प्रश्न सगळ्या विषयाचं मर्म आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. भार म्हणजे वजन, असं धरून ते चालतात.

मी : वरचे किलो मामींच्या स्वतःच्या स्नायूंचे आहेत. खुर्चीतून उठण्याचं उदाहरण घेऊ. बूड खुर्चीवरून नुकतंच सुटलंय. प्रत्येक पायावर निम्मं वजन, 30 किलो. पण त्या 30 किलोंची रेघ गुडघ्यातून जात नाही. गुडघा पुढे आलेला असतो आणि वजनाची रेघ त्याच्या मध्यापासून मागे, समजा 15 सेंटीमीटरवर असते. ते वजन गुडघा दुमडू बघतं. त्याला अडवणारा स्नायू मांडीच्या पुढच्या बाजूचा. त्याची दोरी वाटीवरून नडगीला येते आणि ती सांध्याच्या मध्यापासून जेमतेम 4 सेंटीमीटरवर असते. आता तुम्हीच करा.

मामा : 30 गुणिले 15, भागिले 4. एकशे बारा. साडेबारा म्हण हवं तर.

मी : ती झाली स्नायूची ओढ. ती दोन हाडांना एकमेकांवर दाबते. त्यात वरून आलेले तीसेक किलो मिळवा.

मामा : एकशे चाळीसच्या वर गेलं. आणि बर्लिनवाल्यांचे 246 टक्के म्हणजे हिच्यासाठी 148.

मी : कागदावरचा हिशोब आणि सांध्यातलं मोजमाप इतकं जवळ येतं. ओढ आणि वजन अगदी एका रेषेत नसतात, त्यामुळे मी मांडलं ते ढोबळ आहे, पण गणिताचा सांगाडा हाच. उठताना आपण पाय मागे घेतो आणि अंग पुढे झुकवतो. ते कुणी शिकवलेलं नसतं. झुकल्यामुळे ते 15 सेंटीमीटर कमी होतात आणि त्यासोबत स्नायूचा ताणही.

मामा : उभं राहण्याचं काय? तेव्हा गुडघा सरळ, रेघ सांध्यातूनच जाते. मग 30 च्या जागी 64 कसे?

मी : कारण माणूस खांबासारखा स्थिर उभा राहत नाही. सतत किंचित डोलतो. तोल राखायला मांडीचे पुढचे-मागचे आणि पोटरीचे स्नायू एकाच वेळी ओढ धरून असतात आणि दोन्हीकडची ओढ सांध्यावरच येते. एका पायावर उभं राहिलं की हा आकडा 259 टक्क्यांवर जातो, जवळजवळ चालण्याइतका. शरीराचं वजन तेव्हा गुडघ्याच्या आतल्या बाजूला असतं, त्यामुळे सांधा बाहेरच्या बाजूने उघडू पाहतो आणि त्याला बाहेरच्या बाजूने आवळून धरावं लागतं. साडी नेसताना, पायात चप्पल घालताना मामी रोज हा भार घेतातच.

मामा : आणि तो आतल्या बाजूला जास्त येत असणार.

मी : तुम्हाला कसं कळलं?

मामा : अलाइनमेंट. चाकाचा कोन बिघडला की टायर एकाच कडेने खातो. या वयाच्या कितीतरी बायकांचे पाय गुडघ्यात बाहेर वाकलेले दिसतात. झीज आतल्या कडेनेच होणार.

इथे मला मामांचं कौतुक वाटलं. चालताना गुडघ्यावरच्या भाराचा मोठा वाटा, सर्वसाधारणपणे साठ ते सत्तर टक्के, आतल्या अर्ध्या भागावर पडतो. पाय जितका बाहेर वाकलेला तितका हा वाटा वाढतो आणि तो वाढला की आतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, लवकर झिजते. ऑर्थोपेडिक सर्जन काही रुग्णांच्या नडगीचं हाड कापून त्याचा कोन बदलतात. ते अलाइनमेंटचंच काम.

मामा : मग कबूल कर. मोठा लोड, वाकडं अलाइनमेंट, हजारो फेऱ्या. हे सगळं यंत्राचं आहे.

मी : लोड यंत्रासारखाच येतो, तिथे माझं काही म्हणणं नाही. ज्याच्यावर येतो ते यंत्र नाही. तुमचं बेअरिंग कपाटात ठेवलं तर दहा वर्षांनी कसं निघेल?

मामा : ग्रीस लावून, कागदात गुंडाळून ठेवलं तर नवं कोरं.

मी : गुडघा कपाटात ठेवला तर पातळ होतो. अपघातात कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसांच्या गुडघ्यांचे एमआरआय झाले आहेत. पहिल्या वर्षभरातच त्यांची कूर्चा लक्षणीय पातळ झालेली दिसते. त्यांच्या गुडघ्यावर ना फेऱ्या, ना लोड. तुमच्या हिशोबाने त्यांचे गुडघे सगळ्यात चांगले राहायला हवे होते.

मामा : का होते पातळ?

मी : कूर्चेत रक्तवाहिनी नसते. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. भार आला की कूर्चा दाबली जाते आणि आतलं पाणी थोडं बाहेर येतं, भार सुटला की ताजा द्रव आत शिरतो. पाऊल पडतं, पाऊल उचलतं, तसं तिचं जेवण चालू राहतं. आणि आतल्या पेशींना भार जाणवतो. योग्य भार मिळाला तर त्या नवा माल तयार करत राहतात, भार थांबला की काम मंदावतं.

मामा : पण डॉक्टर स्वतः म्हणतात, वंगण संपलंय म्हणून.

मी : निरोगी गुडघ्यात तो द्रव असतो तीन-चार मिलिलिटर, छोटा चमचाही नीट भरत नाही. झिजलेल्या, सुजलेल्या गुडघ्यात तो बहुतेक वेळा वाढलेलाच असतो, म्हणून तर सुई घालून काढावा लागतो. त्याचा चिकटपणा कमी होतो हे खरं, पण टाकी रिकामी झाली असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. तसंही सांधा सहज सरकता ठेवण्याचं मोठं काम कूर्चेतलं पाणीच करतं. कूर्चेच्या वजनात सुमारे 70-80 टक्के पाणी असतं. अचानक भार आला की ते पाणी दाबाखाली येतं आणि भाराचा बराचसा वाटा तेच पेलतं. म्हणून निरोगी सांध्यात घर्षण इतकं कमी, की बर्फावर बर्फ घासला तरी त्याहून जास्त होईल.

मामा गप्प होते. मान्य झालं म्हणून गप्प, असं मला वाटलं नाही. ते पुढचा मुद्दा शोधत होते.

मामा : ठीक. लोड स्नायूंचा आहे म्हणतेस. मग स्नायूच ढिले पडू दे. कमी ओढतील, कमी दाबतील. तुझ्याच हिशोबाने व्यायाम केला तर स्नायू दांडगे होणार आणि सांधा आणखी दाबणार.

मी : खुर्चीतून उठायला 112 किलोंची ओढ लागतेच. स्नायू अशक्त असला म्हणून ती 60 वर येत नाही. येत असती तर मामी उठूच शकल्या नसत्या. ज्याची कमाल ताकद 200 आहे त्याला 112 सहज जमतं. ज्याची 120 आहे तो प्रत्येक वेळी शेवटच्या टोकाला जाऊन उठतो. तो धपकन बसतो, जिन्यात पाय आपटतो, दमला की गुडघा लटपटतो. पाऊल टेकताना बसणारा धक्का मांडीच्या स्नायूने शोषायचा असतो. तो उशिरा किंवा कमी लागला की धक्का थेट सांध्यात जातो. गुडघ्याची झीज असलेल्यांत मांडीचा स्नायू अशक्त असणं फार नेहमीचं आहे, आणि तो मजबूत केला की दुखणं कमी होतं, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. तुम्ही तालमीत जात होता ना?

मामा : वस्ताद जोर-बैठकांशिवाय मातीत उतरू देत नसत.

मी : तुमचे गुडघे आज कसे आहेत?

मामा : माझे चांगले आहेत. पण आमच्यातल्या दोघांच्या वाट्या बदलल्यात. एकट्या माझ्यावरून नियम काढू नकोस.

बरोबर बोलले. मी मग आकडे काढले. 2017 साली धावणाऱ्यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज 3.5 टक्के लोकांना, अजिबात न पळणाऱ्या बैठ्या लोकांत 10.2 टक्के आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांत 13.3 टक्के. फेऱ्यांचा नियम खरा असता, तर बैठ्या माणसांचा आकडा सगळ्यात खाली असायला हवा होता.

मामा : ज्यांचे गुडघे आधीच चांगले तेच पळतात. दुखरे असतील ते घरी बसतात आणि बैठ्यांच्या यादीत जमा होतात. गाडी चांगली म्हणून लांबच्या रूटवर टाकली, की लांबच्या रूटमुळे चांगली राहिली? आणि स्पर्धेवाल्यांचे 13.3 माझ्या बाजूचे आहेत.

मी : पहिला आक्षेप खरा आहे, या आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही. पण धावणं हानिकारक असतं तर मधला गट इतका खाली आला नसता, एवढं तर म्हणता येतं. आणि स्पर्धेवाले तुमचेच. अतिरेकाने झीज होते, हे मी नाकारतच नाही.

मामा : मग खाली बसण्याचं बोल. तुम्ही लोक हल्ली सांगता, जमिनीवर बसा, उकिडवं बसा, आपले पूर्वज बसत होते. माझी आई उकिडवं बसून धुणं धुवायची, भांडी घासायची, पावसाळ्यात दिवस दिवस वाकून भातलावण करायची. साठीत तिला उठता येत नव्हतं. हात टेकून सरकायची. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ते कुठल्या पुस्तकात बसवतेस?

ही आजी माझी. मीही तिला सरकताना पाहिलं आहे. मामांच्या आवाजातला राग तिच्यासाठी होता आणि त्याला तसंच उत्तर द्यायला हवं होतं.

मी : बसवते, आणि ते तुमच्या बाजूनेच जातं. बीजिंगमध्ये म्हाताऱ्या माणसांचा मोठा अभ्यास झाला. त्यांना विचारलं, पंचविशीत तुम्ही रोज किती वेळ उकिडवं बसत होता. पुरुषांपैकी सुमारे 40 टक्के आणि बायकांपैकी सुमारे 68 टक्के म्हणाले, दिवसाला तासभर किंवा जास्त. जे जास्त वेळ बसत होते त्यांच्या गुडघ्यांत झीज जास्त आढळली. 2004 सालचं हे काम. त्याआधी बीजिंगच्या बायकांची तुलना अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या बायकांशी झाली होती. बीजिंगच्या बायका अंगाने सडपातळ, तरी त्यांच्या गुडघ्यांत झीज जास्त.

मामा : मग संपलं.

मी : नाही संपलं, कारण प्रश्न वेळेचा आहे. मघाशी म्हटलं की भार आला की कूर्चेतलं पाणी तो पेलतं. पण भार सुटलाच नाही तर पाणी हळूहळू निथळत जातं आणि ओझं कूर्चेच्या धाग्यांवर येतं. आजी धुण्याला बसायची तेव्हा मध्ये उठत होती का?

मामी : उठून कसं चालेल? धुणं संपल्याशिवाय उठायचं नसायचं. आम्हीही तसंच केलंय माहेरी.

मी : तो मुद्दा. उकिडवं बसून लगेच उठणं वेगळं आणि डोक्यावर काम घेऊन तासन् तास तसंच राहणं वेगळं. पूर्ण खाली बसलं की मांडीचा मागचा भाग पोटरीवर टेकतो, वजनाचा काही वाटा तिथेच पेलला जातो आणि स्नायूला थोडी सुटका मिळते. खरा कठीण पल्ला खाली जाताना आणि वर येताना, अर्ध्या वाटेवर असतो. निरोगी गुडघ्याने ते दिवसातून काही वेळा करावं, असंच मी सांगेन. न केल्यास सांधा तेवढा वाकणंच विसरतो. उकिडवं बसायला गुडघा 150 अंशांच्या आसपास वाकावा लागतो आणि ती क्षमता एकदा गेली की परत मिळवायला फार कष्ट पडतात. पण आजीच्या गुडघ्यांचं जे झालं ते तिच्या कामाने झालं. तिला बसायला स्टूल आणि धुण्याला उंच कट्टा मिळायला हवा होता. कुणी दिला नाही.

हे वाक्य मी फक्त मामांना उद्देशून म्हटलेलं नाही. आपल्याकडे गुडघ्यांच्या झिजेची चर्चा वय आणि वजन या दोन शब्दांत आटोपते. विळीपुढे, चुलीपुढे, मोरीत, शेतात बायकांच्या गुडघ्यांनी किती तास कुठल्या कोनात काढले, हे तपासणीच्या कागदावर कुणी लिहीत नाही. मी लिहिते. त्याशिवाय पुढचा सल्ला देता येत नाही. (बीजिंगच्या त्याच लोकांत खुब्याची झीज मात्र अमेरिकेपेक्षा कितीतरी कमी आढळली. उकिडवं बसण्याचे गोडवे गाणारे याचं श्रेय त्या बैठकीला देतात. खुब्याच्या हाडाची घडण वंशागणिक वेगळी असते, तेव्हा तसं म्हणणं घाईचं आहे.)

मामी : माझं मला सांग. मला सपाटीवर काहीच होत नाही. मंडईत जाऊन येते. जिन्यात मात्र इथे पुढे, वाटीच्या मागे कळ येते.

मी : तुम्ही सांगताय ते 1972 सालीच आकड्यांत आलंय. रायली आणि मार्टेन्स या दोघांनी वाटी मांडीच्या हाडावर किती जोराने दाबली जाते याचा हिशोब मांडला. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या निम्मा. जिन्यात 3.3 पट. गुडघा जवळपास सरळ असला की स्नायूची ओढ वाटीवरून सरळ खाली जाते, दाबत नाही. गुडघा वाकला की तीच ओढ वळण घेते आणि वळणावर वाटी हाडावर रेटली जाते. जितका जास्त वाकलेला, तितका रेटा. म्हणून एकच पाय मंडईत गुणी आणि जिन्यात हट्टी.

मामा : म्हणजे जिना बंद करणं बरोबर ठरलं. हिच्या दुखण्याला जिनाच जबाबदार.

मी : जिन्यात दुखतं, म्हणून जिन्याने दुखणं केलं असं नाही. तळमजल्यावर गेल्यावर मामींच्या मांडीच्या स्नायूला जोर लावायचा दिवसातला मोठा प्रसंग जाईल. वर्षभरात तो आणखी बारीक होईल. मग खुर्चीतून उठताना दुखेल, नंतर कमोडवरून. तेव्हा तुम्ही काय विकाल?

मामा : आणि ती पडली तर? तुझे स्नायू, तुझी कूर्चा सगळं मान्य. उतरताना कळ आली, पाय लटपटला आणि पंधरा पायऱ्या खाली गेली तर खुबा मोडेल. या वयात खुबा मोडणं म्हणजे काय, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर नाही. उलट आकडे मामांच्या बाजूचे. बर्लिनच्याच संशोधकांनी आधी खुब्याच्या कृत्रिम सांध्यात मापक बसवले होते, तेव्हा एक रुग्ण चालता चालता अडखळला. पडला नाही, फक्त अडखळला. तेवढ्या क्षणात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या आठ पटींहून जास्त भार नोंदला गेला. हाही स्नायूंचाच, तोल सावरायला सगळे एकदम आवळल्यामुळे. जिन्याचा खरा धोका रोजच्या 346 टक्क्यांत नाही, त्या एका चुकलेल्या पावलात आहे. मी तसं मामांना सांगितलं आणि म्हटलं, हा धोका आधी मिटवू, मग घराचं बोलू.

मी : जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूला भिंतीत पाइप बसवायचा, म्हणजे चढता-उतरता दोन्ही हातांना आधार. हाताने घेतलेलं वजन गुडघ्यापर्यंत पोचतच नाही. चढताना चांगला पाय आधी वर, दुखरा त्याच पायरीवर मागून. उतरताना उलट, दुखरा आधी खाली.

मामी : दुखरा आधी? मग भार त्याच्यावरच येईल ना?

मी : उतरताना काम वरच्या पायाला असतं, मामी. वाकत वाकत शरीर खाली सोडतो तो वरचा. म्हणून वर चांगला पाय ठेवायचा. चढताना शरीर उचलतो तोही वरच्या पायरीवरचाच. दोन्ही वेळा वरची पायरी चांगल्या पायाची.

मामा : आणि काठी? उजवा गुडघा, म्हणजे उजव्या हातात.

मी : डाव्या हातात. चालताना उजवा पाय आणि डावा हात एकत्र पुढे जातात. काठी डावीकडे असली की वजन दोघांत वाटलं जातं. उजवीकडे घेतली तर अंग दुखऱ्या बाजूलाच झुकतं.

मामांनी उठून, छत्री हातात घेऊन, खोलीत दोन्ही प्रकारे चालून पाहिलं. मग काही न बोलता छत्री डाव्या हातात धरून खुर्चीपर्यंत आले.

मी : दुसरं, रोज खुर्चीतून उठबस. हात न टेकता, सावकाश, दहा-दहाच्या खेपा. खुर्ची सुरुवातीला उंच घ्यायची, त्यावर उशी ठेवायची. दोन-तीन आठवड्यांनी उशी काढायची. घरात धूळ खात पडलेली व्यायामाची सायकल बाहेर काढा. सायकलवर बसलं की वजन सीटवर जातं आणि गुडघ्यावर फक्त वजनाइतका किंवा जरा जास्त भार येतो, चालण्याच्या निम्म्याहून कमी. स्नायू मात्र काम करतो. आणि तिसरं, वजन. 2005 साली अमेरिकेतल्या 142 जणांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, सगळे वजनदार आणि गुडघे झिजलेले. वजनात एक किलो घट झाली तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो, असं त्यात दिसलं. मामींनी तीन किलो उतरवले तर पावलामागे 12 किलो.

मामा : दिवसाला पाच हजार पावलं धर. एका पायाची अडीच हजार. अडीच हजार गुणिले 12.

मी : 30 हजार किलो.

मामा : तीस टन. रोज.

त्यांनी तो आकडा वर्तमानपत्रावर लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. लोड कमी करण्याचा हा मार्ग त्यांच्या मनाला पटला, कारण यात गाडी बंद करायची नव्हती.

मामा : पाइप सव्वा इंची घेऊ. जास्त जाड घेतला तर हिच्या मुठीत बसणार नाही. सोसायटीला मी विचारतो. सहा महिने बघू. तोपर्यंत दलालाला थांब म्हणतो, नको म्हणत नाही.

मी : सहा महिने पुरेत. तीनच महिन्यांत फरक जाणवायला हवा. मध्येच गुडघा सुजला, अडकायला लागला किंवा रात्री झोपेत दुखायला लागला, तर माझी वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं.

मामा : आणि मांडी घालून बसणं बंद. त्यात तडजोड नाही.

मामी : भजनाला मी खुर्चीवर बसणार नाही. सगळ्या खाली आणि मी एकटी वर, ते मला जमायचं नाही.

मी : पाऊण तास एकसारखी मांडी नको. जाड आसन दुमडून घ्या, म्हणजे बूड उंच होईल आणि गुडघा कमी वाकेल. दोन अभंग झाले की पाय लांब करायचा, मग पुन्हा घ्यायचा. उठताना शेजारणीच्या खांद्यावर किंवा भिंतीवर हात.

मामा : तरी मी खुर्ची पाठवणार.

मामी : पाठवा. मी तिच्यावर पेटी ठेवीन.